मी लिहिलेलं एकमेव शिफारसपत्र

संपादकबाईंनी फोनवर विचारलं, "परदेशात राजकारणात गेलेला मराठी माणूस म्हणून काही प्रेरणा देणारं लिहाल का?" मी म्हटलं, प्रेरणेचं माहीत नाही, घडलं ते लिहीन. नेदरलँड्समधल्या एका मध्यम गावात मी तीन वर्षं निवडून आलेला नगरसेवक होतो. आता नाही. निवडून आलो त्या दिवशी आनंद झाला होता, पण आता सकाळी उठल्यावर आपण कुणीही नाही हे आठवलं की त्याहून जास्त बरं वाटतं. गावाचं आणि पक्षाचं नाव लिहीत नाही. मी अजून तिथेच राहतो, आणि दूध-पाव आणायला मला त्याच सुपरमार्केटमध्ये जावं लागतं जिथे ती सगळी मंडळी येतात.

मी मूळचा इचलकरंजीचा. वडील दुसऱ्याच्या यंत्रमागावर कामाला होते. मी एका सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये लागलो, तिथून खरेदी खात्यात, तिथून पुण्याला, आणि पुण्याच्या कंपनीने इकडच्या, हूफडॉर्पच्या ऑफिसात पाठवलं ते कायमचंच. सगळं आयुष्य खरेदीत गेलं. समोरच्याला काय हवंय ते त्याने सांगायच्या आधी ओळखायचं आणि आपल्याला काय हवंय ते शेवटपर्यंत कळू द्यायचं नाही, एवढीच माझी विद्या. डोकं लवकर तापतं हा दोष. तो लपवण्यात अर्थ नाही, पुढे येणारच आहे.

इथल्या गावच्या निवडणुकीत वॉर्ड नसतात. प्रत्येक पक्ष नावांची यादी लावतो आणि मतदार चादरीएवढ्या मतपत्रिकेवर लाल पेन्सिलीने एका नावापुढचा गोल रंगवतो. पक्षाला चार जागा मिळाल्या की यादीतले पहिले चार आत जातात. पण खालच्या एखाद्याच्या नावावर पुरेशी मतं पडली तर तो वरच्यांना ओलांडून आत जातो. शिवाय देशात पाच वर्षं रीतसर राहिलेल्या परदेशी माणसालाही गावच्या निवडणुकीत मत असतं. या दोन नियमांची बेरीज आमच्या पक्षात कुणी केली नव्हती. मी केली.

मला त्यांनी एकोणिसाव्या जागेवर ठेवलं होतं. आमची गटनेती मार्लिस म्हणाली, "यादीत विविधता दिसली पाहिजे, विलास." म्हणजे मी फुलदाणी. विमानतळाच्या बाजूला ज्या नव्या वसाहती झाल्यात, तिथल्या दारांवर कुलकर्णी, पाटील, जोशी अशा पाट्या आहेत. सगळे आयटीतले, सगळ्यांना मत आहे आणि कुणी कधी दिलेलं नाही. सहा आठवडे सायकलवरून मी प्रत्येक दार वाजवलं. शेवटी माझ्या पक्षाला चार जागा मिळाल्या आणि त्यातली एक माझी होती. चौथ्या क्रमांकावरचा पेटर, निवृत्त शिक्षक आणि मार्लिसचा वर्गमित्र, बाहेर राहिला. मार्लिसने इथल्या पद्धतीप्रमाणे तीनदा गालाला गाल लावून माझं अभिनंदन केलं, पण तिची नजर माझ्या खांद्यावरून पेटरकडे होती. ते तिने मला कधी माफ केलं नाही असं माझं मत आहे. सुनंदा, माझी बायको, म्हणते की हे सगळं माझ्या डोक्यात आहे. असेल.

इथला नगरसेवक आपली नोकरी सांभाळून हे काम करतो. आठवड्यातून दोन संध्याकाळी बैठका, आणि त्यांच्यासाठी वाचायला उशीएवढा कागद. गावाने कसं वागायचं याचे नियम करायचे आणि ते पाळले जातात का हे विचारायचं, एवढंच त्याचं काम. कुणा एका माणसाच्या कामासाठी अधिकाऱ्याला फोन करायचा नाही, चिठ्ठी द्यायची नाही. ही गोष्ट पहिल्याच आठवड्यात नव्या सभासदांच्या प्रशिक्षणात सांगितली. सोबत थंड सँडविच होतं. मी दोन्ही गिळलं, पचलं एकही नाही.

कारण आमची माणसं माझ्याकडे यायची ती कामं घेऊनच. एका गृहस्थांना हाउसआर्ट्सने, म्हणजे इथल्या फॅमिली डॉक्टरने, तापावर नुसती पॅरासिटामॉल दिली होती. "साहेब, तुम्ही जरा बोललात तर अँटिबायोटिक देतील." दुसऱ्याला शेजाऱ्याचं चेरीचं झाड तोडून हवं होतं, कारण त्याच्या सोलर पॅनलवर सावली पडत होती. एक डच आजी दर महिन्याला तळ्यातल्या रानबदकांची तक्रार घेऊन यायच्या. एकदा म्हणाल्या, "तुम्ही लोक प्राण्यांशी बोलता असं ऐकलंय." मी म्हटलं, "बाई, मी फक्त सप्लायरशी बोलतो." त्या एवढ्या हसल्या की पुढच्या महिन्यात बदकं विसरून नुसत्या कॉफीला आल्या.

एक काम मात्र मी अभिमानाने सांगतो. सत्ता स्थापन करताना इथे पक्षांच्या वाटाघाटी होतात. नव्या वसाहतीतून जाणारी बस बंद होणार होती. समोरच्या पक्षाला त्यांचा माणूस वाहतूक खात्यावर हवा होता, आणि तो किती हवा होता हे मी पहिल्या पाच मिनिटांत ओळखलं. मी बसचं नाव काढलं आणि गप्प बसलो. डच माणसाला टेबलावरची शांतता सहन होत नाही. तो ती भरून काढायला बोलतो, आणि बोलता बोलता देतो. बस राहिली. गावच्या वर्तमानपत्रात बसथांब्यापाशी उभ्या असलेल्या मार्लिसचा फोटो आला. बातमीत माझं नावसुद्धा नव्हतं. मी तिला म्हटलं, "पुढच्या वेळी मला निदान बसमध्ये तरी बसव." ती म्हणाली, "आपण पक्ष म्हणून काम करतो, विलास." हे वाक्य मी जपून ठेवलेलं आहे.

आता अनुजाबद्दल.

अनुजा मूळची साताऱ्याची, पस्तिशीची. नवऱ्याबरोबर इकडे आली, मग दोघांचं पटेनासं झालं आणि नवरा आइंडहोव्हनला निघून गेला. ती आठ वर्षांच्या मुलीला घेऊन आमच्या गावात राहिली. मुलीची शाळा इथे, अनुजाची विमानतळावरच्या दुकानातली नोकरी जवळच. पण भाड्याचं घर नवऱ्याच्या नावावर होतं आणि त्याने करार संपवला होता. तीन महिन्यांत घर सोडायचं होतं. इथे सरकारी भाड्याच्या घरासाठी कित्येक वर्षं रांगेत थांबावं लागतं. खेमेंटेने, म्हणजे नगरपालिकेने, तातडीचा दाखला दिला तरच रांगेत पुढे जाता येतं. तिचा अर्ज महिनाभराने नाकारला गेला होता.

एका शनिवारी सकाळी ती प्लॅस्टिकच्या फोल्डरमध्ये सगळी कागदपत्रं घेऊन आमच्याकडे आली. चहा अर्धा झाला तेव्हा म्हणाली, "काका, फक्त एक पत्र द्या. तुमच्या लेटरहेडवर. आमच्याकडे माझ्या कॉलेजच्या प्रवेशालासुद्धा नगरसेवकांचंच पत्र लागलं होतं."

सुनंदा इथल्या ग्रंथालयात नोकरी करते. ती माझ्यापेक्षा चांगलं डच बोलते आणि इथली माणसंही तिला जास्त कळतात. ती म्हणाली, "अहो, इथे असं चालत नाही. तिला निकालाविरुद्ध तक्रार करता येते. मी तिला फॉर्म भरायला मदत करते."

"तक्रारीला किती दिवस लागतील?" मी विचारलं.

"लागतील तेवढे लागतील. पण ते रीतसर होईल."

"तोपर्यंत ही पोरीला घेऊन कुठे राहील? रीतसर पुलाखाली?"

अनुजाला वाटलं तिच्यामुळे आमच्यात भांडण लागलं. ती उठायला लागली. मी तिला बसवलं.

मी का ऐकलं नाही ते सांगतो. एकोणीस वर्षांचा असताना मला सूतगिरणीच्या स्टोअरमध्ये जी नोकरी लागली, ती आमच्या पेठेतल्या नगरसेवकाच्या चार ओळींच्या पत्रामुळे. त्या माणसाने माझं नाव विचारलं, वडील कुठे कामाला आहेत ते विचारलं, गुडघ्यावर पाटी ठेवून लिहिलं आणि शिक्का मारला. त्याला माझ्याकडून काही नको होतं. पुढे मी जो काही झालो तो त्या कागदावर उभा राहून झालो. नगरसेवक म्हणजे मला तोच माणूस ठाऊक होता. तीन वर्षं मी नियम आणि सूचना आणि दुरुस्त्या यांवर हात वर करत होतो, आणि एकदाही कुणासाठी असं काही केलं नव्हतं. त्या सकाळी वाटलं, आता मी खरा नगरसेवक होणार.

परिषदेच्या पत्राचा नमुना संगणकावर होता. मी त्यावर दीड पान लिहिलं. नकार अमानुष आहे, संबंधित अधिकाऱ्याने फेरविचार करावा, मी स्वतः या प्रकरणाकडे लक्ष ठेवून आहे. शेवटचं वाक्य मला फार आवडलं होतं. खाली पदासकट सही केली, अधिकाऱ्याला पाठवलं, आणि एक प्रत मार्लिसला पाठवली. का पाठवली? खरं सांगायचं तर मिरवायला. बसच्या फोटोचं उत्तर म्हणून.

मार्लिसने मला फोन केला नाही. तिने ती प्रत त्याच दुपारी महापौरांना दिली.

इथले महापौर निवडून येत नाहीत, वरून नेमले जातात, आणि सभासदांच्या सचोटीवर नजर ठेवणं हे त्यांचं कामच असतं. आमचे महापौर निवृत्तीला आलेले, उंच, सावकाश बोलणारे. बुधवारी सकाळी त्यांनी मला बोलावलं. माझं पत्र त्यांच्या टेबलावर होतं.

"विलास, हे तू लिहिलंस?"

"हो."

"या बाईंना काही कबूल केलं होतंस?"

"नाही."

"तुला त्यांच्याकडून काही मिळालं?"

माझं डोकं फिरलं. मी टेबलावर हात आपटला. कॉफी उडाली आणि माझ्याच पत्रावर सांडली. मी म्हटलं, वीस वर्षं मी सप्लायरचं कॅलेंडरसुद्धा घरी नेलं नाही, आणि तुम्ही मला हे विचारता? अजून बरंच म्हटलं, त्यातलं निम्मं मराठीत. महापौर उठले, खिडकीपाशी ठेवलेले कागदी रुमाल आणले आणि टेबल पुसलं. मग म्हणाले, "मला हे विचारावंच लागतं. तुझा राग मला कळतो. पण तुझ्या पत्राने काय झालंय ते तुला कळलंय का? ती फाइल थांबली आहे."

"थांबली म्हणजे?" मी विचारलं.

"त्या अधिकाऱ्याने आता होकार दिला तर तो तुझ्या दबावाखाली दिला असं होईल. नकार दिला तर तुला धडा शिकवला असं होईल. त्याने फाइल परत पाठवली आहे. चौकशी होईपर्यंत तिला कुणी हात लावणार नाही."

मी किती दिवस लागतील विचारलं. ते म्हणाले, बाहेरच्या संस्थेकडून चौकशी होते, काही महिने. अनुजाच्या हातात दोनच उरले होते.

हे तिला सांगायला मी त्याच संध्याकाळी गेलो. ती दारातच मुलीची सायकल पुसत होती. मी उभ्या उभ्या सगळं सांगितलं. तिने फडकं खाली ठेवलं.

"म्हणजे काका, मी तुमच्याकडे आलेच नसते तर बरं झालं असतं."

"हो," मी म्हटलं.

खरेदीत मी हजारदा खोटं बोललो असेन, पण तिथे दुसरं उत्तर सुचलं नाही. ती रडली नाही. म्हणाली, "सुनंदाकाकूंनी तो फॉर्म भरायला सांगितलेला. आता भरू का?" मी म्हटलं, आजच भर. सुनंदाने तो दुसऱ्या दिवशी तिच्याबरोबर बसून पुरा केला. पण नुसता फॉर्म जाऊन उपयोग नव्हता, फाइल हलायला हवी होती.

दोन दिवस मी तेच केलं जे मला येतं. समोरच्याला काय हवंय? महापौरांना गवगवा नको होता. मार्लिसला पेटर हवा होता. दोन्ही गोष्टी माझ्या हातात होत्या. मी शुक्रवारी पुन्हा महापौरांकडे गेलो आणि प्रस्ताव मांडला. मी चूक लेखी मान्य करतो, वकील आणत नाही, वर्तमानपत्राशी बोलत नाही, हवं तर जागाही सोडतो. बदल्यात अनुजाची फाइल पुढच्या आठवड्यात तक्रार समितीपुढे जायला हवी. एवढं बोलून मी माझ्या सवयीप्रमाणे गप्प बसलो.

तेही गप्प बसले. माझ्या आयुष्यात भेटलेला हा एकमेव डच माणूस, ज्याला शांतता टोचली नाही. शेवटी मीच विचारलं, "मग?"

ते म्हणाले, "विलास, तू पुन्हा तेच करतो आहेस. ती फाइल माझी नाही की मी तुला विकू. तुझी नाही की तू तिची किंमत द्यावीस. ती त्या बाईंची आहे."

त्या वाक्याने मला जो राग आला, तो त्यांचा नव्हता. मी पूर्ण आठवडा त्या बाईच्या घराचा सौदा करत फिरत होतो, आणि मला वाटत होतं मी तिची बाजू घेतोय. घरी येईपर्यंत मला कळलं की देण्यासारखं माझ्याकडे एकच उरलंय, आणि ते देताना हात पुढे करता येणार नाही. सोमवारी मी दोन ओळींचं पत्र दिलं. पत्र लिहिणं ही माझी चूक होती, आणि मी राजीनामा देतो. अट कुठलीच नाही. बदल्यात काही न मागता मी काही सोडलं, असं पहिल्यांदाच झालं. सही करताना हात जड होता. खाली उतरून सायकलचं कुलूप काढताना मात्र एवढं हलकं वाटलं की मला स्वतःचीच लाज वाटली.

सभासदच राहिलो नाही म्हटल्यावर चौकशी आटोपती घेण्यात आली आणि फाइल समितीकडे गेली. राजीनाम्यामुळे ती सुटली, की सुटणारच होती, हे मला आजही ठाऊक नाही. महापौरांना मी विचारलं नाही आणि त्यांनी सांगितलं नाही.

सुनावणीला मला जायला मनाई होती. सुनंदा अनुजाबरोबर गेली. मी घरी बसून स्वयंपाकघरातले सगळे डबे काढून कपाट पुसलं. सुनंदा आल्यावर मी वर्तमानपत्रात डोकं घालून बसलो, जणू मला काही पडलेलं नाही.

"सांगते, सांगते," ती म्हणाली. "आधी मला सांगा, जिऱ्याचा डबा कुठे ठेवलात?"

मग तिने सांगितलं. अनुजाने शाळेचं पत्र दिलं, कामाच्या वेळा दाखवल्या, पाहिलेली आणि नाकारली गेलेली घरं एकेक करून सांगितली. समितीच्या अध्यक्षबाईंनी माझ्या पत्राचं विचारलं. अनुजा म्हणाली, "ते मी मागितलं होतं. ती चूक माझीपण आहे. ते बाजूला ठेवा आणि माझ्याकडे बघा."

"तिचं डच कसं होतं?" मी विचारलं.

"मोडकं. पण तुमच्या दीड पानापेक्षा बरं."

निकाल तीन आठवड्यांनी आला. अनुजा तो घेऊन आमच्याकडे आली. तिला तो वाचता येत होता, तरी म्हणाली, काका, तुम्ही वाचा. दाखला मंजूर होता. तिसऱ्या परिच्छेदात लिहिलं होतं की तत्कालीन सभासदाच्या पत्राचा या निर्णयात कोणताही विचार करण्यात आलेला नाही. माझ्या राजकीय कारकिर्दीबद्दल सरकारी कागदावर लिहिलं गेलेलं हे एकमेव वाक्य. मी ते मोठ्याने दोनदा वाचलं आणि खुर्चीला पाठ टेकली. कित्येक आठवड्यांनी माझे खांदे खाली आले. अनुजाने विचारलं, "वाईट वाटलं का, काका?" मी म्हटलं, "पोरी, याहून चांगली पावती मला मिळाली नसती."

माझ्या जागेवर पेटर आला. तो चांगला सभासद आहे, असं लोक सांगतात. मार्लिसने फुलांचं चित्र असलेलं कार्ड पाठवलं, "तुझ्या धैर्याबद्दल आदर." मी उत्तर दिलेलं नाही. नियमाप्रमाणे ती बरोबर होती, हे मी मान्य करतो, इथे छापून मान्य करतो. पण महापौरांकडे जायच्या आधी तिने मला एक फोन करायला हवा होता. तीन वर्षं एका बाकावर बसलेल्या माणसाला एक फोन. सुपरमार्केटमध्ये ती चीजच्या बाजूला दिसली की मी डाळींच्या बाजूने वळतो. सुनंदा म्हणते, सोडा आता. नाही सोडत. सगळंच सोडलं तर माणसाकडे काय राहील?

अनुजाला पुढच्या महिन्यात दुसऱ्या मजल्यावरचं घर मिळालं. सामान हलवायच्या दिवशी तिच्या दुकानातल्या दोन मैत्रिणी, सुनंदा आणि मी असे चौघे होतो. इथले जिने शिडीसारखे उभे. वॉशिंग मशीन घेऊन मी पहिल्या वळणावर अडकलो आणि अनुजाला सांगायला लागलो की मशीन असं नाही, आडवं करून न्यायला हवं, मी गोदामात पाच वर्षं काढली आहेत.

"काका, सल्ला नंतर," वरून अनुजा म्हणाली. "आधी खालची बाजू धरा."

मी धरली.